तबला बंद, ठेका सुरू

त्र्यंबकेश्वरी पावसाळा काढलेल्या माणसाला आवाजाविषयी फारसे समजावून सांगावे लागत नाही. ब्रह्मगिरी एकदा ढगात गेला की दिसत नाही, पण ऐकू येत राहतो. डोंगरावरून उतरणारे पाणी, पन्हळीतून पडणारी धार, पत्र्यावरचा पाऊस, मधूनच देवळाची घंटा, वेदपाठशाळेतल्या मुलांची संथा आणि नाशिकच्या बसच्या वाहकाने दिलेली हाक. हे सारे आपण मुद्दाम कान देऊन ऐकत नाही. त्यात राहतो. नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे या गावी होतो आणि हे 'राहणे' आम्हाला इतके सवयीचे झाले की नाशकात गेल्यावर दोन दिवस झोप लागत नसे.

ज्या तबकडीविषयी येथे लिहावयाचे आहे, ती आम्ही प्रथम ऐकली ती याच गावी, जुलै २०१५ मध्ये. सिंहस्थाची धामधूम सुरू होती. १४ जुलैला ध्वजारोहण व्हायचे होते. त्याच सुमारास मुंबईत चरणजित सिंग यांचे निधन झाल्याची बातमी आली. नाव आमच्या परिचयाचे नव्हते. एका सहकाऱ्याच्या मुलाने संगणकावर त्यांची तबकडी लावली आणि आम्ही पहिली पाच मिनिटे चक्क हसलो. भैरवीला डिस्कोचा ठेका! पुढची पाच मिनिटे हसू आले नाही. रात्री उशिरापर्यंत दहाही राग ऐकून झाले, तेव्हा आपण कशाला हसलो याचीच थोडी शरम वाटू लागली होती.

आपल्या वार्षिकांकात कथा-कवितांची समीक्षा यावी, आत्मकथनांची चर्चा व्हावी, हे रास्तच आहे. मग यंत्रावर वाजवलेल्या एका तबकडीचे काय एवढे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल वाद्यावर पेटत आली आहे. सारंगिये, तबलिये, बँडवाले, कव्वालांच्या मागे बसून पेटी धरणारे, सतारी घडवणारे. यांच्या मुलाबाळांपैकीच काही जण आज हे पान वाचत असतील. यंत्र आले आणि या घरांचे काय झाले, हा प्रश्न या तबकडीच्या पोटात दडलेला आहे. तो आमच्या घरातही आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी तबकडीविषयी. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. १९८२ साली ध्वनिमुद्रित झालेली ही तबकडी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या बोलीतल्या एचएमव्हीने, काढली. वाजवणारा एकटा माणूस, साथीला तीन यंत्रे. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदातले जुने वादक. गिटार आणि बेस गिटार हा त्यांचा मुख्य हात, शिवाय चाव्यांची विजेवरची वाद्ये. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तल्या 'दम मारो दम'च्या आरंभी जो घुमणारा, रेंगाळणारा सूर येतो, तो ट्रान्झिकॉर्ड नावाच्या वाद्यावर त्यांनीच वाजवलेला. त्याच गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. गाणे सर्वांना ठाऊक, संगीतकार राहुलदेव बर्मन सर्वांना ठाऊक, वादकाचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. फिल्मी वाद्यवृंदातल्या शेकडो वादकांची हीच कहाणी आहे.

आता ती तीन यंत्रे. तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची. सुरावटीसाठी ज्युपिटर-८, म्हणजे एका वेळी आठ स्वर बोलू शकणारा सिंथेसायझर. ठेक्यासाठी टीआर-८०८, यात खऱ्या ढोलाचा आवाज साठवलेला नसतो, विजेच्या मंडलातूनच धप्प, टक्क, छन् असे आवाज घडवलेले असतात. आणि तिसरे टीबी-३०३. हे १९८१ च्या अखेरीस बाजारात आले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंदही झाले. दहा हजारांच्या आसपासच नग बनले. हे यंत्र कशासाठी बनवले होते? एकट्या गिटारवाल्याला साथ करण्यासाठी. बेस वाजवणारा सोबती मिळाला नाही तर पेटीत सूर भरून ठेवावेत, पेटी ते फिरवून फिरवून वाजवील आणि गिटारवाल्याचा रियाज चालू राहील, अशी कल्पना. सोळा घरांची एक पट्टी. प्रत्येक घरात एक स्वर. त्यावर हवा तर जोर, हवी तर पुढच्या स्वरावर घसरण. आवाज काही खऱ्या बेस गिटारसारखा निघेना, गिटारवाल्यांनी ते घेतले नाही आणि यंत्र पडून राहिले.

आणि येथे मुंबईत हे यंत्र ज्याच्या हाती पडले तो स्वतःच बेस गिटार वाजवणारा! बेसवाल्याची जागा घेण्यासाठी केलेले यंत्र बेसवाल्यानेच विकत घेतले आणि त्याच्याकडून बेसचे नव्हे, निराळेच काम करून घेतले. या तबकडीवर गिटार नाही, पण गिटारवाला आहे. हे ध्यानात ठेवून ऐकले तर तबकडी निराळी ऐकू येते. ज्युपिटरच्या सुरावटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जी ओढ आहे, ती चाव्यांच्या वाद्याची नाही. पेटीवर मींड निघत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार; आकाशवाणीने पेटीला कित्येक वर्षे दारातच उभे केले होते, त्यामागेही हेच एक कारण होते. सिंथेसायझरमध्ये स्वर घसरवण्याची सोय असते, मात्र किती घसरवायचा आणि कोठे थांबवायचे हे यंत्र सांगत नाही. तारेवर बोट सरकवून ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या हातालाच ते कळते.

चरणजित सिंग यांनी २०११ मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत या तबकडीमागचा विचार साध्या शब्दांत सांगितला होता. चित्रपटांत तेव्हा जिकडेतिकडे डिस्को चालू होते; तेव्हा राग घ्यावेत, ठेका डिस्कोचा ठेवावा आणि तबला बंद करून टाकावा, असे त्यांच्या मनात आले. एवढेच. मोठी प्रतिज्ञा नाही, क्रांतीची भाषा नाही. पण 'तबला बंद' या दोन शब्दांत या तबकडीचे बळ आहे आणि तिची उणीवही.

बळ आधी पाहू. दहा राग असे : भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. क्रमाकडे लक्ष द्यावे. मैफल भैरवीने संपते. भैरवी झाली की लोक चपला शोधू लागतात. ही तबकडी भैरवीनेच सुरू होते आणि बैरागीसारख्या सकाळच्या रागाने संपते. वेळेचे घड्याळ येथे पाळलेले नाही. पहाटेचा ललित, लगेच संध्याकाळची भूपाळी, मागून सकाळची तोडी. यात काही खोल योजना होती असे आम्ही म्हणत नाही, कदाचित नसेलच. पण परिणाम मात्र निश्चित होतो. राग आपल्या वेळेपासून सुटून एका मोठ्या, अखंड रात्रीत येतात. ही रात्र नाचघरातली आहे, असे तबकडीचे नाव सांगते. आमच्या कानांना मात्र ती रात्रीच्या प्रवासासारखी वाटली. गाडी एका लयीत चालली आहे आणि खिडकीबाहेर प्रहर बदलत आहेत.

यंत्रांपैकी सर्वांत मोलाचे काम टीबी-३०३ करते. रागातलेच चार-सहा स्वर घेऊन ते सतत फिरत राहते, कधी खोल, कधी झाकोळलेले, कधी उघडे. हे काम कोणाचे? विचार केल्यावर ध्यानात येते की हे तानपुऱ्याचे काम आहे. तानपुरा राग सांगत नाही, लय सांगत नाही. तो जमीन देतो. आपण तो ऐकत नाही, त्यात राहतो. ललितात आणि मालकंसात पंचम वर्ज्य. तेथे गवई तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला वा अन्य स्वराला लावून घेतो, म्हणजे जमीनच बदलतो. येथेही रागागणिक पट्टी निराळी भरलेली आहे. ज्या माणसाने १९७१ साली एका फिल्मी गाण्याच्या तोंडाशी तो घुमणारा सूर धरला होता, त्यानेच अकरा वर्षांनी तो सूर फिरता केला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पाश्चात्त्यांकडे अशा संगीतासाठी 'अँबियंट' हा शब्द रूढ आहे. ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराने १९७८ मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ही तबकडी काढली तेव्हा त्याचा अर्थ असा सांगितला की, हे संगीत कान देऊन ऐकता यावे आणि दुर्लक्ष केले तरी चालावे. १९७५ साली तो अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता. कोणी वीणेसारख्या वाद्याची तबकडी अगदी हळू आवाजात लावून गेले आणि उठून आवाज वाढवणे त्याला जमेना. बाहेरच्या पावसात मिसळलेले ते संगीत ऐकताना त्याला ही वाट सापडली. चरणजित सिंग यांची तबकडी रूढ अर्थाने 'अँबियंट' नाही. ठेका तिला स्वस्थ बसू देत नाही. पण ठेक्याखालचा हा फिरता सूर मात्र त्याच जातीचा आहे, आणि आपल्याला तो शिकायला विलायतेला जावे लागले नाही. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकला येतात, तेव्हा ही गोष्ट उघड दिसते. वारकऱ्यांच्या अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही असा नेम असतो. वीणेकरी थकला की दुसरा पुढे येतो, तिच्यापुढे मान लवून ती गळ्यात घेतो आणि सूर तुटत नाही. याला वीण्याचा पहारा म्हणतात. दिवसरात्र सूर चालू, पण तो धरणारी माणसे बदलत जातात. म्हणून तो दर पहाऱ्याला थोडा निराळा लागतो. यंत्राचा सूर थकत नाही, म्हणून बदलतही नाही. यंत्रावर वाजवणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते. न बदलणाऱ्या जमिनीवर त्याला बदलाचा भास निर्माण करायचा असतो. सिंग काही रागांत यात उत्तम उतरतात. मेघमल्हारात, विशेषतः, फिरता बेस हळूहळू उघडत जातो आणि सुरावट त्याच्यावरून सरीसारखी येते-जाते. यमन आणि बैरागीही आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटले.

आता उणीव. ती आमच्या ध्यानात प्रथम आली नाही. आमच्या चाचांच्या आली.

चाचा जुन्या नाशकातले. हयातभर बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाचे भारतातल्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' नावाचे पुस्तक २००५ मध्ये आले. या व्यवसायात मुसलमान वादक आणि मालक किती मोठ्या संख्येने आहेत, हे त्यात तपशिलाने नोंदलेले आहे. आम्हाला ते पुस्तक वाचून कळायचे कारण नव्हते. लहानपणी चाचांचा लाल डगला आमच्या ओट्यावर वाळत असे. लग्नसराईत ते पहाटे घरी येत, ओठ सुजलेले असत, आणि चाची कोमट पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असे.

आम्ही ही तबकडी त्यांना ऐकवली. ते खाटेवर बसून होते. मालकंस लावला. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, बोटे मोजू लागली. थोड्या वेळाने बोटे थांबली. म्हणाले, "बेटा, सम किधर है?"

आम्ही निरुत्तर झालो. प्रश्न मर्मावरचा होता. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेवर सारखाच धक्का. चारही मात्रा सारख्या. कोणतीच घर नाही. त्रितालात सोळा मात्रांचा फेरा असतो, मध्ये खाली असते, खालीला डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि मग समेवर परत आल्याचा आनंद होतो. 'वाह' निघते ती तेथे. मागे वळून पाहिले तर आपल्या सगळ्या संगीताची नाट्यमयता या येण्या-जाण्यात आहे. तबला बंद केला म्हणजे एक वाद्य बंद केले एवढेच होत नाही. घरी परतण्याची जागाच जाते. दुसरे असे की, यंत्राला विलंबित-द्रुत नाही. भैरवी असो की भूपाळी, गती ठरली ती ठरली. आलापाला मिळते ती अगदी थोडी जागा, लगेच ठेका पाठीशी येऊन उभा राहतो. मालकंसासारख्या गंभीर रागाला त्यामुळे चालताना पाहण्याऐवजी पळताना पाहावे लागते. प्रत्येक रागाला पाच-पाच मिनिटे, तबकडीच्या दोन बाजूंत बसवायची म्हणून. त्यामुळे तोडीसारखा राग दार उघडेपर्यंत वेळ संपते. दहा राग दहा निराळ्या माणसांसारखे उभे राहण्याऐवजी कधी कधी एकाच गणवेशातले दहा जण वाटतात. ही टीका टाळता येण्यासारखी नाही.

चाचांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितले. यावेळी त्यांनी मात्रा मोजल्या नाहीत, सुरावट ऐकली. मध्येच बोट वर केले. "ये देख. इधर आया. सम मशीन ने नहीं दिया, इसने खुद बनाया." सुरावट जेथे येऊन टेकते, तेथे ते मान हलवत गेले. चार-पाच वेळा. मग म्हणाले, "इसका हाथ बाजेवाले का है. बच्चा नहीं है ये." एवढे बोलून त्यांनी चहा मागितला.

या एका वाक्याने जे सांगितले, ते पुष्कळ लेखांत सापडत नाही. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलने ही तबकडी पुन्हा काढली. ते चालवणाऱ्या एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची प्रत काही वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली होती. पुन्हा आल्यावर युरोपात एकच गवगवा झाला. शिकागोतल्या 'फ्यूचर' या चमूने १९८७ मध्ये 'अॅसिड ट्रॅक्स' काढून नृत्यसंगीताचा 'अॅसिड हाउस' हा प्रकार रुजवला, असे मानले जाते. तोही याच टीबी-३०३ वर. मग मुंबईच्या या माणसाने पाच वर्षे आधीच 'अॅसिड हाउस' शोधून काढले, असे मथळे झळकले. सिंग यांना उतारवयात परदेशी रंगमंच मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण मथळा आम्हाला मान्य नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असे कोठे दिसत नाही. बाजारात हरलेले, जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागलेले यंत्र त्यांनी उचलले आणि त्याच्या कळा वेड्यावाकड्या फिरवून त्यातून यंत्राचाच आवाज काढला. सिंग यांनी नवेकोरे यंत्र घेतले आणि त्यातून राग काढला. दोघांचे काम स्वतंत्र आहे आणि दिशाही उलट आहेत. सिंग यांचा मोठेपणा 'आधी केले' यात शोधायचा म्हणजे त्यांना दुसऱ्यांच्या इतिहासातली तळटीप करून ठेवायचे. चाचांनी त्यांना बाजेवाला म्हटले. तो मान आम्हाला मोठा वाटतो.

तबला बंद करण्याऐवजी दुसरी वाट आहे काय? आहे, आणि ती एका मराठी घरातल्या मुलाने परदेशात चोखाळली. कर्ष काळे यांचा जन्म १९७४ मध्ये इंग्लंडातला, मराठी आईवडिलांच्या पोटी. वाढ न्यूयॉर्क भागातली. २००१ साली त्यांची 'रियलाइझ' ही तबकडी आली. तीत तबला बंद तर नाहीच, उलट तोच विजेला जोडलेला आहे; त्याच्या थापेचा आवाज यंत्रातून फिरून, लांबून, पसरून परत येतो. सभोवती सिंथेसायझरचे ढग आणि गिटारच्या तारा. 'अँबियंट' हा शब्द या तबकडीला जास्त शोभतो. त्याआधी बिल लासवेल यांनी जुळवलेल्या 'तबला बीट सायन्स'मध्ये काळे हे उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासोबत होते. 'ताला मॅट्रिक्स' ही त्यांची तबकडी २००० मधली. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाई गेले, तेव्हा त्यांच्या शास्त्रीय मैफलींची आठवण सर्वांनी काढली. माहीमला वाढलेल्या या उस्तादाने यंत्राशेजारी बसायलाही संकोच केला नव्हता, हे फारसे कोणी म्हटले नाही. उस्ताद अल्लारखाँचा मुलगा यंत्राला भीत नाही, याचे कारण त्याची सम पक्की असते.

'रियलाइझ' अधिक देखणी आहे, अधिक घडीव आहे. तरी आमचे मत विचाराल तर आम्ही चरणजित सिंग यांच्याकडेच परततो. काळे यांच्या तबकडीत पूर्व आणि पश्चिम भेटतात याचे भान सतत आहे. सिंग यांच्या तबकडीत असा कसलाच समारंभ नाही. स्टुडिओतला एक कामकरी वादक, नवे हत्यार, ठाऊक असलेले राग. आपल्या कारागिरांची रीत हीच.

आणि कारागीर म्हटले की मिरजेची आठवण होणारच. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तेथे सतारी-तानपुरे घडवू लागले, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली; फरीदसाहेबांचे नाव त्या परंपरेच्या मुळाशी घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, लाकडाची दांडी, आणि शेवटी घोडीवर जवारी काढण्याचे ते नाजूक काम. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तेथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरसात गवई तेथे हजेरी लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा कागद मिळाला त्या काळात शिकणाऱ्या मुलांच्या हाती तानपुरा नव्हता. विजेची पेटी होती, आणि नंतर तर मोबाइलमधलाच तानपुरा. चरणजित सिंग यांनी ३०३ कडून जे काम करून घेतले, तेच काम घरोघरी यंत्र करू लागले. फरक एवढाच की त्यांनी ते करताना निदान ऐकण्याजोगे काहीतरी केले.

मुंबईतही हेच झाले. केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मिनीमूग नावाचा सिंथेसायझर फिल्मी वाद्यवृंदात आणला, तो एक रंग म्हणून. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत तो रंग राहिला नाही, भिंतच झाला. साठ-सत्तर वादकांच्या जागी चार-पाच माणसे आणि यंत्रे आली. व्हायोलिनवाले, सारंगीवाले, ढोलकवाले घरी बसले. ही तबकडी १९८२ ची आहे, म्हणजे बरोबर त्या उंबऱ्यावरची. एका वादकाने एकट्याने अख्खा वाद्यवृंद वाजवून दाखवला. तो वादक आपल्या हुन्नराने ते करू शकला. पुढे बिनहुन्नरी लोकही करू लागले आणि हुन्नरवाल्यांची गरज उरली नाही. तबकडी ऐकताना आम्हाला आनंद होतो, त्याच्या मागोमाग हा विचारही येतो. दोन्ही खरे आहेत. एकासाठी दुसरे खोडावे असे आम्हाला वाटत नाही.

आणि आता आमच्या घरचे. १९९४ मध्ये आमच्या बहिणीचे लग्न झाले. चाचांचा बँड सांगायचा हे ठरल्यासारखेच होते. आम्ही तेव्हा नव्या नोकरीत, चार बुके शिकलेले. बँड जुनाट दिसतो, एवढी माणसे, एवढे जेवण, त्यापेक्षा एक कीबोर्डवाला मुलगा आणि त्याची ठेक्याची पेटी स्वस्तात येते, असे आम्ही घरात मांडले आणि ते मान्य करून घेतले. चाचा पाहुणे म्हणून आले. पांढरा कुर्ता, अत्तर. निकाह झाला, जेवले, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लवकर निघाले. पुढे त्यांनी याविषयी एक अक्षर काढले नाही. आम्हीही नाही. बँड चार-पाच वर्षांत मोडला. आमच्यामुळे मोडला असे नाही, पण मोडणाऱ्यांत आमचा एक हात होता.

त्या दिवशी खाटेवर बसून त्यांनी यंत्रावरच्या एका परक्या वादकाला मोकळेपणाने दाद दिली, तेव्हा आम्ही मान खाली घातली होती. यंत्राचा राग धरण्याचा हक्क कोणाला असेल तर त्यांना होता. त्यांनी तो धरला नाही. त्यांनी फक्त सम विचारली, आणि सापडली तेव्हा सापडली म्हणून सांगितले. समीक्षकाने याहून अधिक काय करावे, हे आम्हाला ठाऊक नाही. चहा संपल्यावर आम्ही कसेबसे १९९४ चा विषय काढला. त्यांनी कप खाली ठेवला. "वो लडका बेसुरा था," म्हणाले, "बस इतनाच गिला है."

रसिकांनी ही तबकडी अवश्य ऐकावी. आरंभ भैरवीने न करता मेघमल्हाराने करावा, मग यमन, मग बैरागी. मोबाइलच्या बारक्या भोंग्यावर ऐकू नये. खालचा फिरता सूर त्यात मरतो आणि उरतो तो नुसता ठोका. जमल्यास पावसात, खिडकी उघडी ठेवून ऐकावी. आणि घरात एखादा जुना बाजेवाला असेल तर त्याला शेजारी बसवावे.

चाचांचे क्लॅरिओनेट आता आमच्याकडे आहे. त्याच्या दोन किल्ल्या अडकतात. आमचा भाचा, त्याच बहिणीचा मुलगा, कीबोर्ड वाजवतो. गेल्या रमजान ईदला त्याने ते पेटीतून काढून पाहिले आणि पत्ती कोठे मिळेल ते विचारले.